कर्ता आणि करविता

एखादा शब्द भाषेत फार स्वस्त झाला की त्याच्यामागे कोणाचा व्यवहार चालला आहे, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. मराठी वृत्तपत्रे, गौरवग्रंथ आणि सत्कारसमारंभांतील भाषणे यांत ‘जनक’ हा शब्द असा स्वस्त झाला आहे. अमुक क्रांतीचे जनक, तमुक प्रणालीचे जनक. या शब्दाची गंमत अशी की त्यातून जन्मलेल्या अपत्याला बाप असतो, आई नसते. सुईणही नसते. नऊ महिने कोणी वाहिले, कळा कोणी सोसल्या, नाळ कोणी कापली, बाळंतिणीचे कपडे कोणी धुतले, यातले काहीही या शब्दात मावत नाही. ज्यांच्या आयाआज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची बाळंतपणे केली आणि बारशाच्या दिवशी ज्यांना अंगणाबाहेर उभे राहावे लागले, त्या समाजातून आलेल्या वाचकाला तरी हा शब्द खटकला पाहिजे.

महाराष्ट्रातले एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही प्रगत संगणनाची संस्था स्थापन झाली. हवा तेवढा शक्तिशाली क्रे महासंगणक अमेरिका द्यायला तयार नव्हती, तेव्हा तो आपणच उभारावा असा सरकारचा निर्णय झाला, आणि तीन वर्षांत, १९९१ मध्ये, ‘परम ८०००’ हे यंत्र तयार झाले. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर हे या संस्थेचे संस्थापक कार्यकारी संचालक. त्यांना २००० साली पद्मश्री आणि २०१५ साली पद्मभूषण मिळाले, आणि ‘भारतीय महासंगणकाचे जनक’ ही उपाधी लोकांनी त्यांना केव्हाच देऊन टाकली. त्यांच्या कर्तृत्वाविषयी मला शंका घ्यायची नाही. सरकारकडून पैसा आणणे, तरुण माणसे जमविणे आणि मुदत पाळणे ही लहान कामे नव्हेत. प्रश्न आपल्या वाक्याचा आहे. ‘परम ८०००’ मध्ये बसविलेले ट्रान्सप्युटर हे प्रक्रियक ब्रिटनमधल्या इन्मॉस कंपनीचे होते. ते विकत मिळत होते. अवघड होते ते अशा चौसष्ट प्रक्रियकांना एकाच गणितावर एकाच वेळी राबविणे. एकाचे अर्धे उत्तर दुसऱ्याला नेमक्या क्षणी पोचले पाहिजे, कोणी रिकामे बसता कामा नये, कोणी कोणाची वाट अडविता कामा नये. हे काम लोखंडाने होत नाही, प्रोग्रामने होते, आणि प्रोग्राम ओळीओळीने लिहावा लागतो. त्या यंत्रावरील प्रोग्रामसामग्रीला ‘पारस’ असे नाव होते. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना परम पाठ असते, साल पाठ असते, जनक पाठ असतो. पारस लिहिणाऱ्या एकाही माणसाचे नाव त्यांच्या पुस्तकांत मी पाहिलेले नाही.

ठाणे स्टेशनाबाहेर पुस्तकांच्या कोणत्याही दुकानात आज ‘यशोगाथा’ या वाङ्मयप्रकाराला एक सबंध फळी दिलेली असते. कविता खालच्या फळीवर गेली आहे. या वाङ्मयाची समीक्षा आमच्या विद्यापीठांत कोणी करीत नाही. ते वाङ्मयच नव्हे असे मानून प्राध्यापक नाक मुरडतात, आणि मुले मात्र तेच वाचतात. त्याची रचना ठरलेली आहे. लहान गाव, गरीब पण सुसंस्कृत घर, एक शिक्षक, मग मोठे शहर, मग परदेश, मग एक कंपनी आणि त्या कंपनीत एक प्रचंड प्रकल्प. येथपर्यंत नायक काहीतरी करीत असतो: अभ्यास करतो, उपाशी राहतो, चालत जातो. प्रकल्प सुरू झाला की क्रियापदे बदलतात. तो ‘दूरदृष्टी दाखवितो’, ‘नेतृत्व करतो’, आणि शेवटी ‘त्याने ही प्रणाली उभारली’ असे वाक्य येते. कर्ता एकवचनी, क्रियापद सकर्मक. शेवटच्या प्रकरणात आभाराचा एक परिच्छेद असतो आणि त्यात ‘माझ्या टीमशिवाय हे शक्य नव्हते’ असे लिहिलेले असते. टीम हे समूहवाचक नाम आहे. ते एकवचनी चालते आणि त्याला चेहरा नसतो.

मी मराठी शिकवतो, आणि म्हणून हा अन्याय मला आधी व्याकरणात दिसतो. आपल्या भाषेत करणे वेगळे आणि करविणे वेगळे. बांधणे, बांधविणे, लिहिणे, लिहविणे. जो स्वतः क्रिया करीत नाही, दुसऱ्याकडून करवून घेतो, त्याच्यासाठी मराठीने प्रयोजक क्रियापद करून ठेवले आहे. आठवीच्या मुलालाही ते येते. इतकेच नव्हे, तर मराठीतले आद्य वाक्य म्हणून ज्याची ओळख आमच्या पिढीला करून दिली गेली (पुढे अक्षीच्या शिलालेखाला अधिक प्राचीन मानले गेले, तो वाद येथे नको), त्या श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या लेखात क्रियापद कोणते आहे? ‘करवियलें’. चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती, आजच्या भाषेत फार वरचा व्यवस्थापक. त्याच्या नावापुढे कोरणाऱ्याने ‘केले’ लिहिले नाही, ‘करविले’ असे लिहिले. मूर्ती घडविणारा हात तेथेही अनामच राहिला, हे मी विसरत नाही. पण निदान वाक्यात त्याच्यासाठी जागा ठेवलेली आहे. ‘करविले’ म्हटले की कोणाकडून, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतोच. ‘केले’ म्हटले की तो प्रश्न बुजतो. भक्तीच्या भाषेत देवाला कर्ताकरविता म्हणतात, म्हणजे दोन्ही तोच. देवाला ते शोभत असेल. कंपनीच्या उपाध्यक्षाने हे दैवत अंगावर घेतले आहे आणि आपण त्याची आरती ओवाळीत आहोत.

याचा एक अनुभव सांगतो. आमच्या या पट्ट्यात, ठाण्यापासून कल्याणपर्यंत, सत्कारांना तोटा नाही, आणि मराठीच्या प्राध्यापकाकडे मानपत्रे तपासायला येतात. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने असेच एक मानपत्र शुद्धलेखनासाठी माझ्याकडे पाठविले. सत्कारमूर्ती मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते आणि एका वित्तसंस्थेसाठी केलेल्या प्रणालीबद्दल त्यांचा गौरव व्हायचा होता. ‘आपण अहोरात्र परिश्रम करून ही प्रणाली विकसित केली’, असे त्यात वाक्य होते. योगायोग असा की त्याच प्रणालीवर काम करणारी एक मुलगी माझी विद्यार्थिनी होती. कल्याण पूर्वेची. अकरावी-बारावीला ती माझ्या वर्गात होती, मग इंजिनिअरिंगला गेली. अहोरात्र कोण होते ते मला ठाऊक होते. रात्री अडीच वाजता कंपनीच्या गाडीने कोळसेवाडीच्या तोंडाशी उतरून ती घरी जात असे, आणि तिचे वडील नाक्यावर उभे असत. मी र्‍हस्वदीर्घ सुधारले आणि ‘विकसित केली’ च्या जागी ‘विकसित करवून घेतली’ असे केले. चिटणीसांचा फोन आला. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, “सर, आपल्याला फक्त शुद्धलेखन पाहायला सांगितलं होतं.” छापील मानपत्रात ‘केली’ होते. सोनेरी अक्षरांत.

ही सवय सॉफ्टवेअरवाल्यांनी आणलेली नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला पोचली. पुढे कल्याणहून दोन फाटे निघाले, एक थळ घाटाकडे, एक बोरघाटाकडे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नाव रेल्वेच्या प्रत्येक इतिहासात आहे, आणि असायलाही हवे. बोरघाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर होते; पटकीने, तापाने आणि सुरुंगाने मेलेल्यांचे अंदाज अभ्यासक पंचवीस हजारांपर्यंत नेतात. त्यांतून लोकांनी एकच नाव वाचविले, तेही दंतकथेत: घाटाची वाट दाखविणारा शिंगरोबा धनगर, ज्याला साहेबाने बक्षीस म्हणून गोळी घातली असे सांगतात. खंडाळ्याच्या घाटात त्याचे देऊळ आहे. इतिहासात जागा मिळाली नाही म्हणून तो देव झाला. माझे वडील याच मार्गावर गँगमन होते. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली गेले की ते दोन-दोन दिवस घरी येत नसत, आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येई, ‘प्रशासनाने वाहतूक पूर्ववत केली’. मी ते त्यांना वाचून दाखवीत असे. ते हसत.

आज आमच्या कल्याण-डोंबिवलीत गटारावर झाकण बसले तरी चौकात फलक लागतो: अमक्यांच्या अथक प्रयत्नांतून, तमक्यांच्या विशेष निधीतून. झाकण ज्याने उचलून बसविले त्याचे बोट चेचले असेल, त्याचे नाव फलकावर नसते. तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीतला मॅनेजर आभाळातून पडलेला नाही. तो याच चौकातला आहे.

मग यात नवे काय? नवे असे की, या वेळी ज्याचे श्रेय गेले तो वेठबिगार नाही. तो शिकलेला आहे, बरा पगार घेतो, आणि बहुतेक वेळा पांढरपेशा जातीचा आहे. डोंबिवलीची सकाळची गाडी पाहावी. ठाण्याला उतरून ऐरोली-घणसोलीकडे जाणारी, किंवा जेथे १९६२ साली औद्योगिक महामंडळाने पहिली वसाहत उभी केली त्या वागळे इस्टेटीकडे जाणारी ही मुले गळ्यात फोटोसह नावाचा बिल्ला घालून असतात. नाव गळ्यात आहे, कामावर नाही. ज्या समाजाने हजारो वर्षे दुसऱ्याच्या हाताने घडलेल्या वस्तूवर आपले नाव घातले, त्याच्या मुलांना आज प्रथमच कळते आहे की आपण केलेली वस्तू दुसऱ्याच्या नावाने मिरविली जाते तेव्हा पोटात काय होते. माझ्या काही मित्रांना याचा आनंद होतो. मला होत नाही. पण हे दुःख पहिल्यांदाच जगात आले अशा थाटात त्यांनी लिहू नये, एवढे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे.

नावाची ही ओढ आपल्या परंपरेत कोठे आहे ते पाहिले पाहिजे. चोखामेळा १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून तिच्याखाली मेला, असे परंपरा सांगते. त्या भिंतीखाली त्याच्याबरोबर इतर महारही गाडले गेले. ती भिंत कोणी करविली हे आज सामान्य माणसाला ठाऊक नाही. जे तिच्याखाली मेले त्यांतला एकच ठाऊक आहे, आणि तो ठाऊक आहे कारण त्याने आपल्या रचनेच्या आत आपले नाव बसविले होते. नाममुद्रा ही केवळ नम्रतेची रीत आहे, असे आमच्या पाठ्यपुस्तकांत असते. ज्ञानेश्वरांच्या बाबतीत असेल. पण ज्याला देवळात जाता येत नाही, ज्याचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले असे सांगितले जाते, त्याच्या दृष्टीने शेवटच्या चरणातले ‘चोखा म्हणे’ ही मालकीची खूण आहे. नाव काढले तर वृत्त मोडते. सोयराबाई तर स्वतःला ‘चोख्याची महारी’ म्हणविते: नवरा आणि जात, दोन्ही एका मुद्रेत. आपल्या विद्रोही समीक्षेने चोख्याच्या शरणागतीवर पुष्कळ लिहिले आहे, ते मला मान्य आहे. मुद्रेतल्या या हट्टाकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

हाच हट्ट सहा शतकांनंतर अमेरिकेत एका सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने केला. अटारी ही खेळांची कंपनी आपल्या खेळांवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांची नावे छापत नसे. वॉरन रॉबिनेट याने ‘ॲडव्हेंचर’ नावाचा खेळ लिहिला, तेव्हा त्यात एक गुप्त खोली केली आणि त्या खोलीत आपले नाव लिहिले. वरिष्ठांना पत्ता लागला नाही. १९८० साली एका मुलाला खेळताखेळता ती खोली सापडली, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. त्याच कंपनीतले चार प्रोग्रामर नावाच्या आणि पैशाच्याच प्रश्नावरून बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढून खेळाच्या वेष्टनावर लिहिणाऱ्याचे नाव छापायला सुरुवात केली. पण बाहेर पडून कंपनी काढणे ज्यांना परवडते त्यांची ही गोष्ट झाली. ज्यांना परवडत नाही त्यांची वेगळी. १९४६ साली एनिॲक या संगणकाचे फिलाडेल्फियात मोठे प्रदर्शन झाले. त्या दिवशी यंत्राने जे गणित करून दाखविले ते सहा स्त्रियांनी रचलेले होते, आणि रात्रीच्या मेजवानीला त्यांना बोलावले नव्हते. कॅथरीन जॉन्सन ही काळी गणितज्ञ अमेरिकेच्या अवकाशसंस्थेत होती. १९६० मध्ये एका संशोधन अहवालावर सहलेखक म्हणून तिचे नाव छापले गेले, आणि तिच्या विभागात कोणा स्त्रीचे नाव अहवालावर येण्याची ती पहिली वेळ होती. सात वर्षे तिने तेथे काम केल्यावरची ही गोष्ट आहे.

आता आपल्या मुलांकडे येतो. त्यांचे दुःख दुहेरी आहे. पांढरपेशा इंजिनिअरचे श्रेय मॅनेजर घेतो तेव्हा तो श्रेय तरी घेतो. म्हणजे काम चांगले झाले हे कबूल असते. आपल्या मुलाच्या बाबतीत ते त्याने केले यावरच विश्वास बसत नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय वरिष्ठांवर खटला भरला. त्यातली तक्रार अशी होती: एका दलित इंजिनिअरची जात, तो आरक्षणातून शिकला ही गोष्ट, वरिष्ठाने सहकाऱ्यांत उघड केली, त्याने दाद मागितल्यावर दोन तंत्रज्ञानांवरील त्याचे प्रमुखपद काढून घेण्यात आले आणि त्याला एकटे पाडण्यात आले. कंपनीने आरोप नाकारले, २०२३ मध्ये त्या दोघांवरील दावा मागे घेण्यात आला, कंपनीवरचा चालू ठेवण्यात आला. न्यायालयाचे काम न्यायालयाने करावे. समीक्षक म्हणून मला त्या तक्रारीतला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी जात सांगितली गेली, मग काम काढून घेतले गेले. बाबुराव बागूलांच्या १९६३ च्या संग्रहातला नायक जात चोरतो, कारण जात कळली तर त्याची कविता आणि त्याचे कौशल्य सर्व क्षणात शून्य होणार हे त्याला माहीत असते. साठ वर्षांत यंत्रे बदलली, पण ते शून्य आहे तेथेच आहे. बाबासाहेबांनी सांगितले होते की जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. वातानुकूलित कार्यालयात ‘विचार करणारे’ आणि ‘कोड लिहिणारे’ अशी जी उतरंड आहे, तिच्याकडे या वाक्याच्या उजेडात पाहावे. रचना ठरविणारा वर, लिहिणारा त्याच्या खाली, तपासणारा त्याहून खाली, आणि तिसऱ्याच कंपनीच्या पगारावरचा कंत्राटी मुलगा सर्वांत खाली. त्याचा तर बिल्लाही वेगळ्या रंगाचा असतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो चळवळीतल्या मित्रांकडूनच येईल. श्रेय ही व्यक्तिवादी मागणी आहे, सामूहिक श्रमाला एकेका नावाची गरज काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण नावाचे एवढे काय, असे आपल्याला तरी म्हणता येणार नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत एका नावासाठी माणसे जाळली गेली, घरे जाळली गेली. आणि दुसरे असे की सामूहिकतेच्या नावाखाली कोणाची नावे गळतात हे आपल्याही घरात पाहिले पाहिजे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची नावे आणि हकिगती गोळा केल्या तेव्हा १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. शीर्षकातले क्रियापद पाहावे. त्या पुस्तकापूर्वी त्या स्त्रिया ‘महिलांनीही मोठ्या संख्येने भाग घेतला’ या वाक्यात होत्या. म्हणजे आपलीही एक टीम होती.

मॅनेजर काहीच करीत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. माझी विद्यार्थिनीही म्हणत नाही. चांगला मॅनेजर ग्राहकाच्या लहरींपासून मुलांना वाचवितो, नको ती आश्वासने देत नाही, कोण कशात चांगला आहे हे ओळखतो. करविणे हेही काम आहे. त्याला त्याचे क्रियापद मिळावे, आणि त्या क्रियापदाचा सत्कारही व्हावा. मीही हार घालीन.

सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की यंत्राला खरा कर्ता ठाऊक असतो. हे मला त्या मुलीने दाखविले. आज बहुतेक ठिकाणी कोड ज्यात ठेवतात ती गिट नावाची प्रणाली २००५ साली लिनस टॉर्व्हाल्ड्स याने लिहिली. (त्याच वर्षापासून ती जोपासणाऱ्या जुनिओ हमानो याचे नाव किती जणांनी ऐकले आहे, हा पुन्हा आपलाच प्रश्न.) तिच्यात प्रत्येक ओळीपाशी ती कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिली याची नोंद असते. महार वतनदाराच्या साक्षीसारखी पक्की. ही नोंद पाहण्यासाठी एक आज्ञा द्यावी लागते, आणि त्या आज्ञेचे नाव आहे ‘ब्लेम’. दोष. काही बिघडले, ग्राहक ओरडला, रात्री फोन आला, की ही आज्ञा देतात आणि त्या ओळीपुढचे नाव सर्वांसमोर पडद्यावर येते. सत्काराच्या दिवशी ती कोणी देत नाही. गिटच्या आधीच्या सबव्हर्जन नावाच्या प्रणालीत याच आज्ञेला दुसरेही नाव दिले होते, ‘प्रेज’, म्हणजे स्तुती. दोन्ही नावांनी तीच नोंद निघत असे. स्तुतीचे नाव वापरणारा माणूस तिला अजून भेटलेला नाही. आणि ही नोंदही अमर नसते. जुने कोठार बंद करून कोड नव्या कोठारात हलविताना मागचा इतिहास सोबत नेला नाही, तर सगळ्या ओळी हलविणाऱ्याच्या नावावर चढतात. सातबाऱ्यावरची जुनी कुळे एका फेरफाराने जातात तसे.

आता कायद्याविषयी, कारण हे त्रैमासिक वाङ्मयाचे आहे आणि हा मुद्दा आपल्याच हद्दीत येतो. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’ च्या व्याख्येत घातला गेला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माझ्या विद्यार्थिनीने लिहिलेला कोड आणि ‘बलुतं’ हे एकाच सदरात येतात. कलम १७ म्हणते की नोकरीत असताना केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. पण मालक वेगळा आणि लेखक वेगळा, हे कायदा विसरत नाही. कलम ५७ प्रमाणे हक्क विकले गेले तरी ही कृती माझी आहे असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. मराठी साहित्यसंमेलनांत साहित्यिकांच्या मानधनावर ठराव होतात. देशातल्या लाखो साहित्यिकांना आपण साहित्यिक आहोत हे ठाऊकही नाही.

हे मी त्या मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “सर, कलम घेऊन एचआरकडे गेले तर पुढच्या वर्षीच्या यादीत माझं नाव नसेल.” तिने वेगळे केले. त्या प्रणालीच्या मूळ फोल्डरमध्ये तिने एक साधी मजकुराची फाईल ठेवली आणि तीत काम केलेल्या सर्वांची नावे लिहिली: तपासणारे, कंत्राटी, मध्येच सोडून गेलेले, आणि मॅनेजरचेही. मॅनेजरपुढे ‘नियोजन’ असे लिहिले. आडनावे मात्र घातली नाहीत. आपल्याकडे आडनावावरून काय काय काढतात ते तिला माहीत आहे. तिचे स्वतःचे आडनाव कार्यालयात फारसे कोणी उच्चारत नाही आणि ते तिला बरे वाटते. फाईल सर्वांना दाखविली तेव्हा बाकी सगळ्यांनी छान म्हटले. अंबरनाथहून येणारा एक कंत्राटी मुलगा तेवढा तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “ताई,” तो म्हणाला, “माझं आडनाव लिही. आणि मध्ये वडिलांचं नाव पण.”